दारातला डावा बूट

मी डावा गमबूट बोलतोय. उजव्याला विचारू नका. तो खोक्यात वाढला, त्याला जगाची काय खबर? मी दुकानाच्या दारात खिळ्याला लटकून लहानाचा मोठा झालो.

आमच्या दुकानदाराची रीतच तशी. जोडीतला डावा बाहेर, उजवा आत. "एकटा डावा चोरील कोण? लंगडा?" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. गिऱ्हाईक कसं बसवावं, कसं बोलावं, सगळं मी तिथेच शिकलो. पण उन्हाने रबर सुकलं, घोट्यापाशी बारीक भेग पडली. चोखंदळ गिऱ्हाईक मला वाकवून बघायचं आणि परत खिळ्यावर अडकवायचं.

शेवटी दुकानदाराचा मेहुणा आला. कारखान्यात पंपावर होता.

"दाजी, बूट द्या चांगले."

"तुला वाईट देईन? तुझी बहीण घरात घेईल का मला?"

मेहुण्याने मला वाकवून बघितलं नाही. घरच्या माणसाचा माल तपासायचा नसतो.

मग एका सकाळी कारखान्यामागच्या गाळाच्या तळ्याचा बांध फुटला. तेजाबाचा काळा लोंढा खालच्या आळीत घुसला. दारं चौकटींसकट उखडली, रुळावर उभी मालगाडी उलटून आळीच्या भिंतीत घुसली. भिंतीखालून माणसं ओढून काढताना एकाचा नुसता हातच आला. मेहुणा दिवसभर त्यात उभा होता, माझ्यात पाय घालून. गाळ तेव्हा माझ्या भेगेच्या खालीच राहिला.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला यायचे होते. मुकादम म्हणाला, "जरा उजळ दिसू द्या. चुना टाका." विझवलेला चुना संपला होता. कळीचा होता, ओल लागली की उकळणारा, तोच पोत्यांनी गाळावर ओतला.

साहेब चकचकीत बुटांत आले. वाटेवरची फळी खचलेली. मुकादमाने मेहुण्याला बोट दाखवलं. "साहेबांना पाठुंगळीला घे."

"साहेब, मान नका धरू. खांदा धरा."

अर्ध्या वाटेवर गाळ फसफसला, मग उसळला. बाजूचा एक हमाल तोंड झाकून लोळायला लागला. उकळता गाळ माझ्या भेगेतून आत शिरला. मी आवळून धरायला बघितलं, पण भेग कुठे मिटते?

मेहुणा थांबला. "साहेब, सोडू का? पाय जळतोय."

"सोडून तर बघ," म्हणत साहेबांनी त्याच्या कानशिलावर बुक्की हाणली. मग दुसरी.

तो चालला. साहेबांना कोरड्यावर उतरवलं आणि आडवा पडला. साहेबांच्या बुटांवर शिंतोडा नव्हता. मुकादमाने मला दोन्ही हातांनी ओढून काढलं. माझ्याबरोबर मोजा आला. मोज्याबरोबर कातडी आली.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यात दुकानदाराने मला हातात घेऊन वाकवलं. भेगेने तोंड उघडलं. आयुष्यभर बोलून माल खपवणारा तो माणूस, अंगठ्याने भेग दाबून मिटवायला बघत बसला.

मेहुणाच म्हणाला, "दाजी, आता मला एकटा उजवा पुरेल. खोक्यातला द्या."

आता दुकानदाराने डावे सगळे खोक्यात ठेवलेत. दारात मी एकटाच, भेग रस्त्याकडे करून. बाबांनो, बूट घेताना वाकवून बघा, दुकान सख्ख्या दाजींचं असलं तरी. भेग दिसली तर दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नका. आपल्या पायाकडे बघा.