रविवारच्या आधी

जर्मनीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कोरिन खालच्या मजल्यावरच्या हेर टाडेनना, म्हणजे टाडेनसाहेबांना, म्हणाली होती, "या ना कधीतरी वर कॉफीला!" तिकडे अमेरिकेत, तिच्या टेनेसीत, असं म्हणायची रीत असते. म्हणणारा विसरतो, ऐकणाराही विसरतो, आणि दोघांचं बरं चालतं. हेर टाडेननी खिशातून डायरी काढली आणि विचारलं, "कधी?" कोरिनच्या तोंडून बुधवार निघून गेला. बुधवारी चारच्या ठोक्याला म्हातारा दारात उभा! एक घोट घेऊन म्हणाला, "ही कॉफी वाईट आहे. पुढच्या बुधवारी तुम्ही खाली या. मी चहा करतो."

तेव्हापासून बुधवारचा चहा ठरूनच गेला. त्या लेअर गावात चहा म्हणजे काही थट्टामस्करी नव्हे. आधी कपात खडीसाखर, तिच्यावर चहा, मग कडेने साय, आणि चमचा मुळीच फिरवायचा नाही. कोरिनने फिरवला, तेव्हा त्यांनी तिचा हातच धरला. "ढवळलंत तर वरपासून खालपर्यंत एकच चव. मग प्यायचा कशाला?"

म्हातारा जन्मभर जहाजांची इंजिनं दुरुस्त करत आलेला. इंजिनाशी गोडीगुलाबीने बोलून ते चालू होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक, आणि माणसांनाही त्याने तोच न्याय लावलेला. रविवारी रिकाम्या बाटल्या टाकायला निघालात? पेटीत काच फुटल्याचा आवाज होतो, रविवारी आवाज करायचा नसतो, सोमवारी जा. केस कापलेत? आधीचे बरे होते. कोरिन सुरुवातीला घरी येऊन डोळे पुसायची. पण जात्याच चौकस बाई. रागापेक्षा तिचं कुतूहल मोठं. ही माणसं एकमेकांना असं तोंडावर बोलतात आणि तरी वर्षानुवर्षं एकमेकांच्या कुंड्यांना पाणी घालतात, हे जमतं कसं?

एकदा तिने विचारलंच. ते म्हणाले, "उलट मला सांगा, तुमचं कसं जमतं? तुम्हाला माझा स्वेटर छान, पाऊस छान, माझा खारवलेला मासाही छान. मग तुम्ही सांगता त्यातून मला कळणार काय?"

ते तिला लागलं, कारण मासा तिने रुमालात गुंडाळून टाकून दिला होता.

त्या वसंतात हेर टाडेनना जिना चढताना दम लागू लागला. हृदयाची झडप निकामी झाली होती. गुरुवारी ओल्डनबुर्गच्या इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली, आणि त्याच आठवड्यात रविवारी त्यांना पंचाहत्तर वर्षं पुरी होणार होती. कोरिनने विचार केला, बिचारा वाढदिवसाला खाटेवर पडलेला असेल, आपण आधीच साजरा करू. बुधवारी चहाला जाण्याआधी तिने आजीच्या पद्धतीचा लोण्याचा केक केला, वर मेणबत्ती लावली आणि दार उघडताच खणखणीत आवाजात वाढदिवसाचं अभिनंदन केलं.

हेर टाडेनचा चेहरा उतरला. त्यांची मुलगी वीब्के हँबुर्गहून त्यांना इस्पितळात न्यायला आली होती. तिने झटकन पुढे होऊन मेणबत्ती विझवली.

"माझा वाढदिवस रविवारी आहे," म्हातारा थांबून थांबून दम घेत म्हणाला. "रविवारपर्यंत मी आहे की नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? केक घेऊन जा."

"बाबा, त्यांना माहीत नव्हतं," वीब्के म्हणाली. मग कोरिनकडे वळून, "आमच्यात दिवस उजाडायच्या आधी शुभेच्छा देत नाहीत. अपशकुन होतो. आणि उद्या तर..." पुढचं तिने गिळलं.

नट-बोल्टवर श्रद्धा ठेवणारा माणूस, पण त्याचे ओठ थरथरत होते आणि निळसर दिसत होते. कोरिन केक घेऊन जिना चढली. शकुन-अपशकुन तिने कधी मानला नव्हता. पण बोलाफुलाला गाठ पडली तर? गुरुवारचा सगळा दिवस ही पाल तिच्या मनात चुकचुकत राहिली. संध्याकाळी वीब्केचा निरोप आला, शस्त्रक्रिया झाली, बाबा शुद्धीवर आहेत. तेवढंच. बरे आहेत असं काही लिहिलेलं नव्हतं, आणि कोरिनला भीती वाटत राहिली.

रविवारी पहाटे उठून तिने नवा केक केला, साखर कमी घालून. खाली कोणी नव्हतं, तरी यंत्राचा आवाज नको म्हणून अंडी हातानेच फेटली. गाडीने ओल्डनबुर्ग गाठलं.

खोलीच्या बाहेर वीब्के भेटली. "आज सकाळपासून बोलतच नाहीयेत. भिंतीकडे तोंड करून पडलेत."

कोरिन आत गेली. हेर टाडेननी मान वळवली. "दार लावा," ते म्हणाले. "माझी मुलगी काल मला म्हणाली, बाबा, किती छान दिसताय! या पोरीने उभ्या जन्मात मला छान म्हटलेलं नाही. माझ्या साठीला म्हणाली होती, हा कोट तुम्हाला शोभत नाही. ती गोड बोलायला लागली, म्हणजे मी चाललोय. डॉक्टर उद्याशिवाय येणार नाही. तुम्ही सांगा, कसा दिसतोय मी?"

कोरिनच्या जिभेवर 'छान' आलंच होतं. आईने, शाळेने, सगळ्या टेनेसीने तिथे ठेवलेलं. तिने ते आवरलं आणि खुर्ची ओढून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"भयंकर दिसताय," ती म्हणाली. "गाल आत गेलेत. दाढीचे खुंट वाढलेत. पांढरेफटक पडलात. हा सदरा तर बघवत नाही."

म्हातारा डोळे रोखून ऐकत होता.

"पण ओठ निळे नाहीत. बुधवारी निळे होते. आज गुलाबी आहेत. आणि एवढं सगळं एका दमात बोललात. बुधवारी चार शब्दांनंतर थांबत होतात."

हेर टाडेननी हात वर करून स्वतःच्या ओठांना बोट लावलं. मग डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. तसेच म्हणाले, "वीब्केला बोलवा. आणि आज रविवार आहे. आता म्हणा काय म्हणायचं ते."

तिने अभिनंदन केलं, या वेळी हळू आवाजात. वीब्केने केक कापला. म्हाताऱ्याने नखाएवढा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळला.

"कोरडा झालाय."

"हो, झालाय," कोरिन म्हणाली. "पुढच्या वर्षी..." आणि तिने जीभ चावली. वीब्केनेही तिच्याकडे चमकून पाहिलं.

"थांबलात का?" हेर टाडेन म्हणाले. "बोला. पुढच्या वर्षी काय?"

"पुढच्या वर्षी लोणी जास्त घालीन."

"घाला," ते म्हणाले, आणि वीब्केला डायरी काढायला सांगितली.