गाळलेला अननस

दारू म्हटली की नाक मुरडणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं. मी दारूच्या एका ग्लासाचं कौतुक सांगणार आहे, आणि तो बनवणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंचं.

समुद्राकाठच्या एका हॉटेलात आम्ही दोघी कामाला. त्या बारच्या काउंटरवर, मी मागच्या खोलीत फळं चिरायला. अननस चिरून चिरून माझ्या बोटांची सालं निघालेली असतात. ताज्या अननसाचा रस कातडी खातो. हे मला कुणी शिकवलं नाही, बोटांनीच शिकवलं.

जाऊबाईंचा पिना कोलाडा बघायला लोक स्टुलं ओढून बसतात. पिकलेला अननस कुटायचा, सुती कापडात बांधायचा आणि पिळायचा. पिळताना त्यांच्या मनगटाच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ होतात. मग खवलेल्या नारळाचं पहिलं दाट दूध, रम, बर्फ. बास. सगळं शेकरच्या झाकणाच्या भांड्यात घालून हलवायचं; भांड्याला बाहेरून घाम फुटला की हात थांबतो. पहिल्या घोटाला आधी अननस टोचतो, मग नारळ त्यावरून हात फिरवतो, आणि गिळून झाल्यावर छातीत कुठेतरी रम दिवा लावते.

नाव परक्या भाषेतलं. त्याचा अर्थ गाळलेला अननस. एका गिऱ्हाइकाने सांगितलं, हे आपणच शोधलं म्हणून दोन-तीन बारवाले जन्मभर भांडले.

"भांडू देत," जाऊबाई म्हणाल्या. "त्यातली रम कुणाच्या घामाची, ते विचारा त्यांना."

खरंच आहे. उसाच्या मळ्यांवर विकत आणलेली माणसं राबवली. साखर बोटीत बसून धन्याच्या देशाला गेली, मागे काळी मळी उरली आणि तिची रम झाली. जाऊबाईंचे वडील साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर होते. तो वास त्यांच्या अंगाचा शेवटपर्यंत गेला नाही. म्हणून जाऊबाई रमची बाटली कधी आपटून ठेवत नाहीत. ग्लासात कागदी छत्री खोचून फोटो काढणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसतं. जाऊबाई त्यांना हसून छत्री देतात. मी असते तर डोळ्यात खोचली असती.

मग नवा मॅनेजर आला. भर उन्हातही गळा आवळून हिंडायचा, म्हणून आम्ही त्याला टाय म्हणायचो. त्याने एक मशीन आणलं. बटण दाबा, ग्लास भरा. आत गाईच्या दुधाचं क्रीम, डब्यातला अननस आणि नारळाचा अर्क.

"मावशी, आता हात दुखवायला नकोत," तो म्हणाला.

"मावशी कोण? तुमच्या आईला मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही."

ठरलं असं, की गुरुवारी चार वाजता मालकीणबाई दोन्ही चाखणार. मशीनचा आवडला तर काउंटर बंद, आणि जाऊबाई चादरी धुवायच्या खात्यात. वीस वर्षांचा हात साबणात घालायचा.

गुरुवारी सकाळी टाय माझ्याकडे आला आणि चिरलेल्या अननसाचं पातेलं उचलून चालू लागला. "आज ताजाच घालू. मॅडमना वास आला पाहिजे." माझ्या डोळ्यांदेखत त्याने तो मशीनमध्ये ओतला, त्या दुधाच्या क्रीममध्ये.

माझ्या हातातली सुरी थांबली. जो रस माझी बोटं खातो तो दुधाला सोडतो का? दोन-चार तासांत कडूजहर होतं. मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले. स्वतःच्या पायाने खड्ड्यात चाललाय, आपण कशाला हात धरायचा?

चार वाजता दोन ग्लास मांडले गेले. मालकीणबाईंनी मशीनच्या ग्लासाकडे हात नेला. मला आनंद आवरेना. जाऊबाईंच्या कानात कुजबुजले, "दुधात ताजा अननस आहे. सकाळपासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू बोलली नाहीस?"

मग मालकीणबाईंना म्हणाल्या, "मॅडम, तो पिऊ नका. कडू झाला असेल."

"घाबरल्या," टाय हसला. आणि शहाणपणा दाखवायला त्यानेच घोट घेतला. त्याचं तोंड काढा पाजलेल्या पोरासारखं झालं.

"मग निकाल लागलाच की," मालकीणबाई म्हणाल्या.

"नाही लागला. मशीन धुऊन घ्या, डब्यातला अननस घाला, तो नाही असा वागत. मग चाखा. नासक्या ग्लासाला हरवून मला काउंटर नको."

हिच्या डोक्यात शेकर घालावा असं मला वाटलं. आयती आलेली भाकरी ही बाई परत तव्यावर टाकत होती.

तासाभराने पुन्हा दोन ग्लास. मशीनचा चांगला झाला होता. मीही चाखला, खोटं कशाला बोलू? गोड, गार, गुळगुळीत. मालकीणबाईंनी तीन घोट घेतले आणि ठेवला. मग जाऊबाईंचा उचलला. ग्लास रिकामा झाल्यावर कडेचा फेस बोटाने पुसून घेतला, आणि आपण काय करतोय ते लक्षात येऊन जरा ओशाळल्या.

"यात वेगळं काय आहे?"

"डब्यातला अननस उकळलेला असतो, मॅडम. तो कुणाला चावत नाही."

मालकीणबाई टायकडे वळल्या. "मशीन पोहण्याच्या तलावापाशी न्या, मुलांना बिनदारूचं द्या. काउंटर इथेच राहील. आणि आठवडाभर तुम्ही इथे अननस पिळा. आपण काय विकतो ते तुम्हालाही कळू दे, मलाही."

तिसऱ्या दिवशी टायची बोटं सोलली. गळ्यातला टाय केव्हाच खिशात गेला होता. "हे रोज असंच होतं?" त्याने मला विचारलं.

"चौदा वर्षं," मी म्हटलं.

जाऊबाईंनी त्याच्यापुढे खोबरेलाची बाटली ठेवली. माझ्याशी मात्र गुरुवारपासून त्या बोलत नव्हत्या. त्या दुपारी काम आवरल्यावर त्यांनी एक ग्लास भरून माझ्यासमोर सरकवला.

"पी. आणि परत कुणाचाही ग्लास नासताना दिसला, तर तोंड उघड."

"त्याचासुद्धा?"

"त्याचासुद्धा."

पलीकडे टाय ओठ आवळून कापड पिळत होता. मी ग्लास तोंडाला लावला. माझी बोटं झोंबत होती.