बाण नसलेला तिसरा भाग

मित्रांनो, मी एक जुनी गेमची डिस्क आहे. येरवड्यातल्या या घरात मला सीडी म्हणतात, म्हणोत बापडे. नावावरून भांडायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. पाठीवर चरे पडलेत, डबीचं झाकण रबरबँडवर तगून आहे आणि मशीनमध्ये शिरले की मी घरघरते. तेव्हा काय ते थोडक्यात सांगते.

आम्ही सहा बहिणी, एकाच खेळाचे सहा भाग. खेळाचं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे. पण पडद्यावर सदा अंधार, म्हणून या घरच्या ललिताताईंनी त्याला काजळगड म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. खेळात तुम्ही एक भटका सैनिक बनता, गडात शिरता, राक्षसांशी लढता, हळूहळू ताकद कमावता. माझ्या पाच बहिणी भारी गुणाच्या. त्यांच्या पडद्यावर कोपऱ्यात नकाशा असतो आणि पायाशी सोनेरी बाण. कुठं वळायचं ते बाणच सांगतो. मी तिसरी. माझ्यात नकाशा नाही, बाण नाही, वाट ज्याची त्याने लक्षात ठेवायची. चुकलात की मेलात, आणि मेलात की मागच्या विहिरीपाशी उठून पुन्हा चालायला लागायचं.

याबद्दल मी उदंड शिव्या खाल्ल्या. काही जणांनी डोक्यावरही घेतलं, नाही असं नाही. पण बिबवेवाडीच्या जुन्या गेमच्या दुकानातून मला नेणारा बहुधा तोंड पाडून परत यायचा आणि म्हणायचा, "हिच्याऐवजी चौथा भाग द्या हो." शेवटी मला दीक्षा घेऊन आली. ती नुकतीच हिंजवडीला नोकरीला लागली होती. तिचे वडील संजयराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पोरगी लागोपाठ मरताना पाहून ते म्हणाले, "पैसे देऊन मार खायचा? घरी फुकट मिळाला असता."

पण बसले. आणि बसले ते बसलेच. रिमोटला त्यांनी कधी हात लावला नाही. चहाचा कप घेऊन लेकीशेजारी बसायचं आणि वाट सांगायची. "पडक्या पुलावरून नको, खालून जा. मघाशी तिथंच गचकलीस." हात दीक्षाचे, आठवण पप्पांची. माझ्या बहिणींच्या खेळात शेजारी बसलेल्याला काही काम नसतं. माझ्यात असतं. माझं वेगळेपण विचाराल तर एवढंच आहे, राक्षस काय सगळ्यांकडेच आहेत.

गेल्या वर्षी संजयरावांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हातही थोडा हलू लागला, पण वाचा गेली. कळायचं सगळं, तोंडातून शब्द मात्र फुटेना. बोलणं शिकवायला हेमाताई यायच्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. नाहीतर उरलेसुरले शब्दही जातील." दीक्षाची आई, ललिताताई, ग्लास पुढे धरून म्हणायच्या, "अहो, पाणी म्हणा, पाणी." ते मान फिरवायचे. जन्मभर ऑफिस चालवलेल्या माणसाला बालवाडीत बसवलेलं कसं आवडावं?

एका रविवारी वैतागलेल्या दीक्षाने जीव रमवायला मला लावलं. भुयारात दोन फाटे आले आणि ती अडली. वाट विसरली होती बिचारी. तेवढ्यात मागून आवाज आला, "डा... डावीकडे."

ललिताताई तव्यावरची पोळी तशीच टाकून धावत आल्या. पोळीचा कोळसा झाला, पण त्या दिवशी कुणी नाक मुरडलं नाही.

मग रोजच सुरू झालं. दीक्षा कामावरून दमून यायची, तोंडावर पाणी मारायची आणि मला लावायची. डावीकडे, थांब, खाली, मागे. एकेक शब्द परत येत होता. माझं अंग दुखायचं, पण मी फिरत राहिले. शेवटचं दार नजरेच्या टप्प्यात आलं.

अशात दीक्षाचा धाकटा भाऊ बुद्धभूषण बंगळूरहून सुट्टीवर आला. "जयभीम, पप्पा!" म्हणत पाया पडला. पोरगा गुणी आहे, वाईट म्हणणार नाही मी. पण बहिणीची ओढाताण त्याला बघवेना. "दीदी, हे मशीन तुम्ही नेटला जोडलेलंच नाही? केवढे अपडेट राहिलेत!" असं म्हणून ती कामावर असताना त्याने ते जोडून टाकलं. शिव्या ऐकून कंपनी कधीचीच नमली होती. माझ्या अंगावर चरा उठला नाही, पण मशीनमधल्या माझ्या खेळात सोनेरी बाण आला.

संध्याकाळी संजयरावांनी तोंड उघडलं, "डा..." तोवर दीक्षा वळलीसुद्धा होती. पुढच्या फाट्यावरही तेच झालं. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. ते खिडकीबाहेर बघत बसले. वाट भराभर सरतेय या आनंदात दीक्षाला ते दिसलंच नाही. मला दिसत होतं, पण मी काय बोलणार?

पुढच्या खेपेला हेमाताई म्हणाल्या, "काय झालं? बोलणं पार कमी झालंय यांचं."

"आता तो पिवळा बाण बोलतो ना," ललिताताई म्हणाल्या. "यांना कोण विचारतंय?"

दीक्षाचा चेहरा खर्रकन उतरला. बाण बंद करायची सोय तिने खूप शोधली, ती नव्हतीच. एकच उपाय होता. सगळा खेळ पुसायचा, नेट तोडायचं आणि माझ्यावरून नव्याने भरायचा. पण मग आजवर साठवलेली मजल त्या जुन्या खेळात उघडणार नव्हती, पहिल्यापासून सुरुवात. बंगळूरला परतलेला भाऊ फोनवर ओरडला, "वेडी आहेस का, दीदी? शेवटच्या दारात पोचलीयेस तू!"

"मी पोचले. पप्पा मागे राहिलेत," ती म्हणाली, आणि तिने सगळं पुसलं.

मला मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसून तिने आत घातलं. मी घाबरले होते. इतके चरे, वाचता येईन का मी? मध्येच गाडं अडलं, किती भरलं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी पुढे सरकेना. दीक्षा जीव मुठीत धरून बसली. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं आणि कशीबशी पार पडले.

पुन्हा पहिलं अंगण. वाट अंधारी, बाण नाही. दीक्षाने विचारलं, "पप्पा, कुठून जाऊ?"

"ढा... ढाल," संजयराव म्हणाले. दीक्षाला "डावीकडे" वाटलं. ती तशीच वळली आणि मेली.

"अगं, ढाल घे म्हटलं ना! ऐकायचं नसेल तर विचारतेस कशाला?"

सगळं वाक्य. न अडखळता. दीक्षा रिमोट मांडीत टाकून रडायलाच लागली. दारातून ललिताताई डोळे पुसत म्हणाल्या, "घ्या. आले आमचे साहेब."

मित्रांनो, मला कडेने धरा, उन्हात टाकू नका, हे तर आहेच. पण मागणं दुसरंच आहे. खेळताना शेजारी घरचं कुणी येऊन बसलं, तर तुम्हाला वाट ठाऊक असली तरी त्यांना विचारा. त्यांनी चुकीची सांगितली, तर एकदा तिकडे जाऊन मरा. माझ्याकडे मरून उठता येतं.