सहावा तुकडा

गोचीड ती केवढी, तिळाएवढी. पण तिने व्हर्लिन स्ट्राउडच्या चाळीस वर्षांच्या धंद्याला तोंड घातलं होतं. डॉक्टर सोडला तर हे दोघांनाच ठाऊक होतं. एक खुद्द व्हर्लिन, आणि दुसरी त्याची बायको ओनीटा, जी आत्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नवऱ्याच्या घशाकडे टक लावून बघत होती.

ऑगस्टमध्ये तो कुंपणाची तार ओढत असताना ती त्याला चावली. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात गोचीड चावली म्हणून कुणी हातातलं काम खाली ठेवत नाही. उपटायची, चिरडायची, पुढे चालायचं. व्हर्लिननेही तेच केलं. मग सप्टेंबरात एका रविवारी त्याने नेहमीसारखा स्टेक हाणला आणि चार तासांनी अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजून पावासारखे झाले.

"तुमच्या रक्ताने मांसाशी वैर धरलंय," डॉक्टर म्हणाला होता. "बीफ, डुक्कर, हरीण, सगळं बंद. खाल्ल्यावर तीन-चार तास काही वाटणार नाही. मग एकदम येईल. आणि पुढच्या वेळी घसा मिटेल." त्याने जवळ बाळगायला सुईचं औषध लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी अजून ट्रकच्या कप्प्यात पडून होती, कारण औषधाच्या दुकानातली बाई बोलघेवडी.

"जर्की विकणाऱ्यालाच जर्की चालत नाही?" व्हर्लिन घरी येऊन म्हणाला होता. "हे बाहेर गेलं ना ओनीटा, तर मला पुरून टाक आणि वर दगडही ठेवू नकोस."

याला काय म्हणावं! पण त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. त्यांची जर्की, म्हणजे मसाला लावून धुरात सुकवलेल्या बीफच्या पट्ट्या, टपालाने अलास्कापर्यंत जायची आणि प्रत्येक पाकिटावर व्हर्लिनचा चेहरा असायचा, पांढऱ्या मिशा, घामट टोपी, आणि खाली एक ओळ: 'मी स्वतः खाऊन बघितल्याशिवाय पाठवत नाही.'

आज त्या चेहऱ्यासाठीच कॅन्सस सिटीहून प्रुइट नावाचा माणूस आला होता. त्याच्या कंपनीचा जाडजूड कॅटलॉग देशभर घरोघर जायचा. सहा चवींची जर्की त्यात घ्यायची की नाही, हे तो आज ठरवणार होता.

"खरं सांगू, मिस्टर व्हर्लिन?" प्रुइट खुर्ची ओढत म्हणाला. "जर्की काय, ढीगभर लोक करतात. मला तुम्ही हवे आहात. तुम्ही खाताना लोकांनी बघावं, बस्स."

टेबलावर सहा बशा होत्या. शेजारी व्हर्लिनचा तंबाखूच्या पिंका टाकायचा डबा. लग्नापासून तो डबा त्याच्या हाताशी होता, त्यामुळे आज तो कुणाच्या डोळ्यांवर येणार नव्हता. बेत ओनीटाचाच होता. चघळायचं, पाण्याने चूळ भरायची, सगळं डब्यात. "एक थेंब गिळलास तर बघ," असं तिने सकाळी चारदा बजावलं होतं.

पहिला तुकडा मिरीचा. व्हर्लिनने तो आधी वाकवला. जर्की वाकली, चिरली, पण तुटली नाही. मग तोंडात टाकून डोळे मिटून चघळला. "मिरी जाडी भरडलीय. धूर बरोबर." चूळ, डबा.

"थुंकता होय?" प्रुइट हसला.

"आधीची चव पुढच्या तुकड्याला लागू नये म्हणून," व्हर्लिन ठसक्यात म्हणाला.

लसणाचा गेला. हिकरीच्या लाकडाच्या धुराचा गेला. चौथ्यात मीठ कणभर जास्त आहे हे व्हर्लिनने नुसत्या जिभेच्या टोकाने सांगितलं. पाचवाही डब्यात गेला. ओनीटाच्या हातातल्या फडक्याचा तोवर पीळ झाला होता. सहावी बशी काकवी आणि लाल मिरचीची. हा नवा प्रकार होता, तिनेच जमवलेला.

प्रुइटने आधी स्वतः खाल्ला. त्याचे डोळे मोठे झाले. "अरे वा! आधी गोड, आणि गिळल्यावर मागून जाळ येतो. हा जाळ कुठे लागतो हो, मिस्टर व्हर्लिन? नाही नाही, आता थुंकू नका. हे घशाचं काम आहे. का स्वतःच्या मालाची भीती वाटते?"

तो थट्टेत बोलला. पण पुरुषाला थट्टेत हटकलं की तो विहिरीतही उडी मारतो. व्हर्लिनने बायकोकडे पाहिलं. ओनीटाने मान हलवली. नाही. नाही म्हणते ना!

त्याचा कंठमणी वर गेला आणि खाली आला.

"छातीच्या वर," व्हर्लिन म्हणाला. "दोन बोटं."

"बरोब्बर!" प्रुइटने टेबलावर थाप मारली आणि करारावर सही केली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आता या पाहुण्याने जावं ना! पण तो कसला जातो. जेवायलाच बसला.

"ओनीटाकाकू, घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी नाही टाकलीत?" प्रुइटने विचारलं.

"विसरले," ओनीटा म्हणाली. जेवणाच्या टेबलावर ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

भांडी विसळताना तिने व्हर्लिनला कोपऱ्यात गाठलं. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"तो गेला की."

"तो जाईपर्यंत तू जाशील, गाढवा!"

"हळू बोल. काही होत नाहीये मला."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. ती दोघांच्या मागे मांस धुरवायच्या खोपटात गेली, गोठ्यात गेली, ओढ्यापर्यंत गेली. प्रुइट फोटो काढत होता आणि ती नवऱ्याची मान तपासत होती. सव्वादोनला व्हर्लिनने कोपर खाजवलं. अडीचला गळ्याशी लाल गांध दिसली. मग बघता बघता चेहरा बीटासारखा झाला, आवाज घोगरा पडला आणि कुंपणाच्या खांबाला धरून तो खाली बसला.

"काय झालं?" प्रुइट धावला.

"गांधीलमाशी," व्हर्लिन घरघरत म्हणाला आणि त्याने ओनीटाचं मनगट घट्ट दाबलं. बोलू नकोस.

प्रुइटची गाडी वेगवान होती. वीस मैलांचा वळणावळणाचा रस्ता त्याने कसा कापला ते त्यालाच ठाऊक. मागच्या सीटवर व्हर्लिनचं डोकं मांडीवर घेऊन ओनीटा त्याचे श्वास मोजत होती. प्रत्येक श्वासाला शीळ वाजत होती. तिला त्याचा इतका राग आला होता की रडूही येईना. मेल्या, तुझ्याविना मी त्या सहा चवींचं काय करू?

दवाखान्याच्या दारात एक नर्स चाकांची खुर्ची घेऊन धावली. "काय झालं? काय खाल्लं?"

"गांधीलमाशी चावली," प्रुइट म्हणाला.

"बीफ खाल्लं," ओनीटा म्हणाली. "त्याला चालत नाही. गोचीड चावल्यापासून."

प्रुइटने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नर्सने खुर्चीतल्या माणसाची टोपी वर केली, सुजलेल्या चेहऱ्यावर मिशा शोधल्या आणि तीही गोंधळली.

"काकू, हे तर ते पाकिटावरचे ना? माझे वडील यांचीच जर्की मागवतात. यांना बीफ चालत नाही?" तिने खाली वाकून विचारलं, "काका, पटकन सांगा. माशी की मांस?"

व्हर्लिनने डोळे उघडले. एका बाजूला प्रुइट उभा होता, खिशातून कराराचं टोक बाहेर आलेलं. दुसऱ्या बाजूला ओनीटा. तिचं सांगून झालं होतं. तिने फक्त आपलं मनगट त्याच्या मुठीतून सोडवून घेतलं, कारण आता ते दाबून काही उपयोग नव्हता.

शीळ बारीक होत चालली होती.

"मांस," व्हर्लिन म्हणाला. कसाबसा आवाज निघाला, पण दारातल्या सगळ्यांनी ऐकला. "एकच तुकडा. बाकीचे पाच थुंकले."

नर्सने त्याच्या मांडीत सुई खुपसली. थोड्या वेळाने त्याचा श्वास मोकळा होऊ लागला. प्रुइट दाराशी खिळून राहिला. आणि ओनीटाला, सकाळपासून पहिल्यांदाच, भडभडून रडू आलं.