बरणीतले मासे

मोनालीने पुन्हा कडी वाजवली. आत भांड्यांचा आवाज होता, म्हणजे भीमाबाई घरातच होत्या. मागच्या गल्लीत डेंग्यूने पोरं फणफणत होती, आणि या गल्लीत भीमाबाईंच्या होकाराशिवाय कुणी टाक्याचं झाकणही उचलू देत नव्हतं.

"जयभीम, आजी. मी दवाखान्याची आशाताई, मोनाली."

"जयभीम," आतून उत्तर आलं. दार काही उघडलं नाही.

गेल्या साली सरकारी गाडी भोंग्यावरून सांगत फिरली होती, साधा ताप आहे, घाबरू नका. मोनालीनेही दारोदार तेच सांगितलं. मग भीमाबाईंचा नातू पियुष डेंग्यूने धंतोलीच्या दवाखान्यात सलाइन लावून पडला. पोरगा वाचला, पण तेव्हापासून मोनालीचा शब्द या उंबऱ्यावरून माघारी फिरायचा, सासरी न नांदलेल्या लेकीसारखा.

शेवटी धुण्याचं पाणी फेकायला दार उघडलं, तशी ती आत शिरली आणि थेट मोरीतल्या टाक्याशी गेली. वापराच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. गेल्या महिन्यात महापालिकेच्या ऑफिसची माणसं सोबत होती म्हणून दार उघडलं होतं, तेव्हा तिनेच यात गप्पी मासे सोडले होते.

"आजी, मासे कुठी गेले?"

भीमाबाईंनी फळीकडे बोट केलं. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत मासे गरगरत होते, वर पोळीचा चुरा तरंगत होता.

"भांड्याच्या पाण्यात हगतेत ते. अन् त्या अंधारात बिचारे खातीन काय? म्हून काढले. दोन टाइम चारून राहिली मी त्यायले."

मोनालीने कपाळावर हात मारला. चिडावं तरी कुणावर? ऑफिसने मासे दिले, सह्या घेतल्या. मासे कशाला, ते सांगायला कुणी थांबलं नाही. तीही नाही, तिला त्या दिवशी सारी वस्ती उरकायची होती.

"आता सांगू नोको काही," भीमाबाई म्हणाल्या. "तुमचं सांगनं पाहून बसलो आमी."

"नाही सांगत," ती वैतागून म्हणाली. तिने टाक्यातलं वाटीभर पाणी अळ्यांसकट बरणीत ओतलं.

चुरा सोडून मासे अळ्यांवर तुटून पडले. बघता बघता एकही अळी उरली नाही. भीमाबाई वाकून पाहतच राहिल्या.

"पियुषले याच किड्यानं?"

"याचाच मच्छर होते, आजी."

"मंग हे पयले काहून नाही दाखवलं वं?"

मोनालीने बरणी उचलून त्यांच्या हातात दिली. भीमाबाई बरणी छातीशी धरून दारात आल्या, शेजारच्या प्रेमलताला आणि कामिनीला हाका घातल्या. दारं उघडू लागली. तेवढ्यात भोंग्याची गाडी गल्लीत शिरली. नागरिकांनी सहकार्य करावे, घाबरू नये. कुणाचं कुणाला ऐकू येईना. मोनालीने डोळे मिटून घेतले.

भीमाबाई गाडीला आडव्या उभ्या राहिल्या.

"बंद कर गा तो भोंगा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "आमी पाहून राहिलो."