नऊ फूट, चार फूट, अडीच फूट

शाळेतल्या एका बाकाचा पाय बसवायला थोरल्या मिस्त्रीला एकोणीस दिवस पुरले नाहीत. एरवी असलं काम तो चहा निवायच्या आत उरकायचा.

पण हा बाक बायकांच्या वर्गातला होता. दुपारी दोन ते चार, शिकायचं राहून गेलेल्या अकरा बायका तिथे अक्षरं गिरवत. थोरला मागच्या कोपऱ्यात हातोडी धरून बसे आणि एक डोळा फळ्यावर ठेवी. विसाव्या दिवशी बाईंनी विचारलं, "मिस्त्री, त्या बाकाचा पाय अजून दुखतोच आहे का?"

बायका फिसकन हसल्या.

"लाकूड हट्टी आहे, बाई."

"लाकूडच ना? मग ही पाटी घ्या. हट्टी लाकडावर आमच्याकडे हेच औषध आहे."

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने पाटी घेतली, तीही कुणी बघत नाही ना याची खात्री करून. त्याला जगातलं सगळं वाङ्मय वाचायचं नव्हतं. एक कागद वाचायचा होता, आणि हातात दोन महिने होते.

अकरा वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा हत्यारांच्या पेटीत हा कागद निघाला. बापाला लिहिता येई. त्याची दोन्ही पोरं, थोरला आणि धाकटा, मात्र लवकर करवतीला जुंपली गेली. आकडे दोघांना येत, त्यांच्याशिवाय सुतारकी होत नाही. अक्षरांच्या नावाने आनंद होता. हे दोघांनी एकमेकांपासूनही लपवलं होतं. थोरला न्हाव्याकडे वर्तमानपत्र धरून गंभीरपणे मान हलवी. फोटो असल्यामुळे ते उलटं धरलं जात नसे. धाकटा तर दोन वर्षं शाळेत जाऊन आलेला, त्यामुळे त्याच्यावर कुणाला शंकाच नव्हती.

पाच शेजाऱ्यांसमोर थोरल्याने घडी उलगडली. ९ फूट. ४ फूट. दुकान तेरा फूट रुंद. त्याने घसा खाकरला. "बाबांनी लिहिलंय, नऊ मला, चार याला."

धाकट्याने कागद ओढून घेतला, ओठ हलवले आणि म्हणाला, "उलट आहे. नऊ मला."

एका शेजाऱ्याने हात पुढे केला तशी थोरल्याने कागद खिशात घातला. "घरातली गोष्ट आहे." मग शेजाऱ्यांनीच दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत ठोकवली, आणि बोलणं बंद झालं. खाली २॥, म्हणजे अडीच, असा तिसराही आकडा होता. तो कुणाच्याच वाट्यात बसेना, म्हणून थोरल्याने त्याच्याकडे बघायचंच टाळलं.

आपण थाप मारली हे त्याला ठाऊक होतं. धाकट्याने मात्र खरंच वाचलं असणार, म्हणजे आपण भावाचे नऊ फूट नाकारले, हे त्याला अकरा वर्षं खात होतं. कुणाकडून वाचून घ्यावं तर अडाणी आणि लबाड, दोन्ही एकदमच उघडं पडायचं. त्यात आता धाकटा दोन महिन्यांनी, एक तारखेला, दुकान मोडून परगावी निघाला होता. ज्याचं होतं ते त्याच्या हातावर ठेवून त्याला थांबवायचं, एवढंच थोरल्याच्या मनात होतं.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला, बायका गेल्यावर, बाई फळा पुसत असताना त्याने मोडक्या बाकावर कागद पसरला आणि बोट ठेवत निघाला.

"लां-बी... नऊ फूट. रुं-दी... चार फूट. उं-ची..." तो थबकला. "अडीच."

खाली एक ओळ होती. ती वाचायला त्याला दहा मिनिटं लागली. कामाचं टेबल. दोघं समोरासमोर उभे राहतील असं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "चाळीस वर्षं टेबलं करतोय. आणि टेबलाची मापं ओळखली नाहीत."

तो तडक धाकट्याकडे गेला. धाकटा पटाशा गोणपाटात गुंडाळत होता.

"आज वाट चुकलास, दादा?"

"त्या दिवशी मला वाचता येत नव्हतं. थाप मारली."

धाकट्याचे हात थांबले. "मग मी नऊ म्हणालो ते?"

"तू वाचलंस ना!"

"मी कुठला वाचतोय! दोन वर्षं शाळेच्या खिडकीतून बाहेर बघत होतो. तू बोललास, मी उलटं बोललो."

"ओठ हलवत होतास की!"

"तू न्हाव्याकडे मान हलवतोस तसे!"

थोरल्याला हसू आवरेना. मग त्याने कागद वाचून दाखवला, अडखळत, सगळा. धाकटा त्याच्या बोटाकडे टक लावून बघत राहिला.

"तू परत थापा मारत नाहीस कशावरून?"

थोरल्याला राग यायला हवा होता. पण प्रश्न रास्त होता. "उद्या दोनला शाळेत चल. शीक आणि स्वतः वाच."

"अकरा बायकांत मी एकटा?"

"मी आहे ना! मागचा बाक आपलाच आहे."

 सवयीने धाकट्याने टेप ओढली, आपल्या बाजूची रुंदी मापली आणि मान हलवली. "साडेसहा. नऊचं टेबल मावत नाही."

दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. धाकट्याने गोणपाट सोडलं, पक्कड काढली आणि पहिला खिळा उपटून फळी वाजवून बघितली.

"सागवान आहे," तो म्हणाला. "टेबलाला चालेल. धर तिकडून."