तीन तारखेचं पान

मी एक डायरी बोलतेय. कुणाची गुपितं किंवा कविता माझ्यात सापडतील अशी आशा असेल तर सोडून द्या. मी वकिलाच्या कचेरीतली डायरी आहे. कोणतं काम कोणत्या न्यायालयात आहे, आज त्यात काय झालं आणि पुढची तारीख कोणती, एवढंच माझ्यात लिहितात. रोजचं एक पान आणि प्रत्येक पानावर पाच रकाने.

माझा जन्म छापखान्यातला. काळा कापडी पुठ्ठा, लाल फीत, आणि कडेला मापानं कापलेली पानं. शेजारच्या गठ्ठ्यात साध्या वह्या होत्या. त्यांना कितीही वर्षं जगायची मुभा होती, माझं आयुष्य मात्र जन्मतःच एका वर्षाचं ठरलेलं. म्हणूनच की काय, मला चौकसपणाची भारी खोड लागली. वर्षभरात जेवढं बघता येईल तेवढं बघून घ्यायचं, असं मी ठरवून टाकलं.

मला विकत घेतलं एका वकीलसाहेबांच्या कारकुनानं. कचेरी पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत पक्षकारांसाठी एक बाक होतं. त्याच्या एका पायाखाली जुन्या दाव्याच्या प्रतींची घडी घातलेली होती, म्हणून ते डुगडुगत नसे. आतल्या खोलीत काचेचं टेबल, भिंतभर पुस्तकं आणि साहेब.

वकील म्हणजे टेबलावर मूठ आपटून गरजणारा माणूस, अशी माझी समजूत होती. साहेब तर इतकं हळू बोलत की पक्षकाराला खुर्ची पुढे ओढावी लागे. त्यांचं काम नेमकं काय, हे समजायला मला महिना लागला. तासभर ऐकायचं, दोन तास वाचायचं, न्यायालयात अर्धा दिवस पुकाऱ्याची वाट बघत बसायचं आणि मग चार मिनिटं बोलायचं. त्या चार मिनिटांसाठी बाकीचं सगळं.

ऐकणंही सोपं नसतं. लोक गोष्ट आजोबांपासून सुरू करतात, नमनालाच घडाभर तेल जातं, आणि ज्या कागदावर सगळं अवलंबून असतं तो कागद घरी विसरतात. दुसऱ्या बाजूचं सगळं वाईट सांगतात, आपलं वाईट तेवढं पोटात ठेवतात. साहेब ते पोटातलं काढून घेत. डॉक्टरापासून आणि वकिलापासून काही लपवू नये, असं ते प्रत्येकाला सांगत आणि प्रत्येक जण काहीतरी लपवतच असे.

मार्चमध्ये कचेरीत बाई आल्या. वय चव्वेचाळीस, आणि हुद्दा नवशिक्या वकिलाचा. त्याआधी एकोणीस वर्षं त्या न्यायालयाच्या कुंपणाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये टंकलेखन करत होत्या. अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं, लोक सांगतील ते. साहेबांचे अर्जही तिथंच टाईप होत. टाईप करता करता बाई मान वर न करता म्हणायच्या, "साहेब, तारीख चुकलीय." आणि ती चुकलेलीच असायची. त्यांच्या नजरेतून चूक सुटत नाही, अशी त्यांची ख्यातीच होती.

एक दिवस साहेबच त्यांना म्हणाले होते, की दुसऱ्यांचे अर्ज किती दिवस सुधारणार, स्वतः वकील व्हा. बाईंनी ते मनावर घेतलं. शाळा संपल्यावर थेट कायद्याला गेलं तर पाच वर्षं लागतात, आणि आधी एखादी पदवी असली तर तीन. बाईंकडे कधीकाळची पदवी होती, त्यामुळे तीनवर भागलं. सकाळचं कॉलेज, दिवसभर टाईपरायटर, संध्याकाळी स्वयंपाक आणि मग लेकीच्या शेजारी बसून अभ्यास. लेक शाळेची परीक्षा देत होती आणि आई कायद्याची. त्यानंतर सनद मिळवण्याची वेगळी परीक्षा. सनद हातात आल्याशिवाय काळा कोट अंगावर चढत नाही, आणि कोट चढला म्हणून वकिली येते असंही नाही. ती कुणाच्या तरी हाताखाली राहूनच शिकावी लागते. हे सगळं मला बाईंच्याच तोंडून कळलं, कारण शेडमधल्या जुन्या मैत्रिणी येऊन त्यांना हेच विचारत.

पहिल्याच दिवशी साहेबांनी मला बाईंच्या हाती दिलं. म्हणाले, "कायदा पुस्तकात सापडेल, तारीख इथंच सापडते. एकच नियम. आधी पुढचं पान, मग आजचं." म्हणजे असं, की न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली की आधी माझं त्या तारखेचं पान उघडून तिथं कामाची नोंद करायची, आणि मगच आजच्या पानावर 'पुढील तारीख' हा रकाना भरायचा. उलटं केलं तर आजचं पान भरलेलं दिसतं, काम झालंसं वाटतं आणि पुढचं पान कोरं राहतं.

बाई तो नियम वेदवाक्यासारखा पाळत. माझ्यावर त्यांचं अक्षर टाईप केल्यासारखं उमटे. मला त्यांचा हात फार आवडायचा.

जूनमध्ये चष्मेवाले काका आले. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. एकतीस वर्षं ते तिथं चष्मे करत होते. इमारतीच्या नव्या मालकाला ती जागा हवी होती आणि तो कुलूप ठोकण्याच्या धमक्या देत होता. साहेबांनी दावा केला आणि न्यायालयाकडून तात्पुरती मनाई मिळवली. काकांना घालवायचं तर कायद्यानं घालवा, तोवर कुलूप लावायचं नाही. काकांनी त्या दिवशी साहेबांचा चष्मा काढून घेतला, रुमालानं पुसला आणि परत दिला. आभार मानायची त्यांची तीच रीत असावी.

चौदा जूनला काकांच्या कामाची सुनावणी होती. ती पुढे ढकलली गेली आणि तारीख मिळाली तीन जुलै. बाईंनी मला बाहेर कठड्यावर टेकवून उघडलं. समोर चौदाचंच पान होतं. त्यांनी रकान्यात 'तीन जुलै' लिहिलं आणि पुढचं पान काढणार, तेवढ्यात एक म्हातारी हातात नोटीस घेऊन आली आणि म्हणाली, एवढं वाचून दाखवता का. एकोणीस वर्षांची सवय. बाईंनी मला बगलेत घेतलं आणि नोटीस वाचून दाखवली, समजावली, म्हातारीला योग्य खोलीपर्यंत सोडलं. परत आल्या, मला उघडून पाहिलं. चौदाच्या पानावर शाई वाळलेली होती. त्यांनी मला मिटलं.

मला कळलं होतं. तीन जुलैचं माझं पान कोरं होतं. पण आम्हाला जीभ नाही. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

तीन जुलै उजाडला. सकाळी बाईंनी पान उघडलं, कोरं दिसलं, आणि त्यांना आनंद झाला. महिन्यात पहिल्यांदाच मोकळा दिवस मिळाला होता. साहेबांनी वाचन केलं, बाईंनी पुस्तकांची धूळ झटकली. माझ्यावरूनही फडकं फिरवलं. तिकडे न्यायालयात काकांच्या नावाचा पुकारा तीनदा झाला. कुणीच हजर नाही म्हणून दावा निकाली निघाला, आणि दाव्याबरोबर मनाईही गेली.

पाच तारखेला काका आले. दुकानाला कुलूप लागलं होतं. आत लोकांचे छत्तीस चष्मे होते, काही तयार, काही दुरुस्तीला आलेले. काका रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "साहेब, लोकांना दिसत नाहीये हो." आणि डुगडुगत नसलेल्या त्या बाकावर बसून राहिले.

बाईंनी मला उघडलं. चौदाचं पान, मग तीनचं पान.

दावा पुन्हा सुरू करून घ्यायचा तर न्यायालयाला गैरहजेरीचं कारण पटवावं लागतं. कारकुनानं उपाय सांगितला. माणूस वाईट नव्हता, तीस वर्षं हेच बघत आलेला. म्हणाला, "ताई, तीन तारखेच्या पानावर आत्ता एक ओळ लिहून टाका. अर्जात लिहू की त्या दिवशी साहेबांना ताप होता. डॉक्टरची चिठ्ठी मी आणतो. खरं सांगितलंत तर तुमचं नाव पहिल्याच वर्षी खराब होईल."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. निब माझ्या पानापासून बोटभर अंतरावर आलं. काकांचं दुकान त्या एका ओळीवर अडलं होतं, हे मलाही दिसत होतं. मग त्यांनी टोपण परत लावलं.

"एकोणीस वर्षं मी लोकांची खोटी आजारपणं टाईप केली," त्या म्हणाल्या. "माझं स्वतःचं पहिलं प्रतिज्ञापत्र तसलं नको."

साहेब दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते एवढंच बोलले, "मग अर्ज तुम्हीच लिहा. आणि उभंही तुम्हीच राहायचं." बाईंनी त्याआधी न्यायालयात तारीख मागण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी अर्ज पुकारला गेला. खुर्चीवर न्यायाधीशबाई होत्या. मालकाचा वकील उठून म्हणाला, की विसरलो असं कुणीही म्हणेल, त्याला पुरावा काय. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बाईंनी मला पुढे केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या उंच टेबलावर पोचले.

न्यायाधीशबाईंनी चौदाचं पान पाहिलं, तीनचं पाहिलं, मग मागची-पुढची पानं चाळली. सगळीकडे टाईप केल्यासारखं अक्षर आणि मधे ते एक कोरं पान.

"ही नोंद कोण ठेवतं?"

"मी," बाई म्हणाल्या. "आधी पुढचं पान लिहायचं असतं. मी आजचं आधी लिहिलं आणि मधेच उठून गेले. चूक माझी आहे. पक्षकार विचारायला आले असते तर मी त्यांनाही त्या दिवशी काही नाही असंच सांगितलं असतं. त्यांचं दुकान माझ्या चुकीनं बंद आहे."

"इथं नंतर एक ओळ लिहिता आली असती तुम्हाला."

"हो. आली असती."

न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. माझ्या तीन तारखेच्या पानावर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ मारली आणि खाली सही केली. "आता नाही येणार," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दावा पुन्हा दाखल करून घेतला, मनाई परत लागू केली आणि कुलूप त्याच संध्याकाळी काढायला सांगितलं.

बाहेर आल्यावर बाई कठड्याशी जाऊन रडल्या. साहेब शेजारी उभे राहून उगाचच घड्याळ बघत होते.

डिसेंबर संपला आणि मी वरच्या फळीवर गेले. जुन्या डायऱ्या काही वर्षांनी रद्दीत जातात, माझीही तीच गत व्हायची. पण बाईंनी स्वतःची कचेरी थाटली तेव्हा साहेबांकडून फक्त मला मागून घेतलं. आता माझी फीत विटलीय, पुठ्ठा सुटलाय, पण बाईंच्या उजव्या हाताच्या खणात माझी जागा ठरलेली आहे.

परवा बाईंकडे एक नवी वकीलबाई शिकायला आली. सनदेची शाई अजून ओली. तिनं विचारलं, सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू. बाईंनी डोळ्यांवर चष्मा चढवला, जिन्याखालच्या त्याच दुकानातला, आणि खणातून मला काढून तीन जुलैला उघडून तिच्यापुढे ठेवलं.

तिनं पान उलटसुलट करून पाहिलं. "यावर तर एक रेघ आणि सही सोडून काहीच नाही, मॅडम."

"आहे," बाई म्हणाल्या. "बस, सांगते."

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं तुम्ही माणसंच म्हणता. त्या मुलीला ठेच लागायच्या आधी मला एकदा तिच्या हाती द्या, आणि तिच्यानंतर येणाऱ्यांच्याही. मला रद्दीत घालू नका, एवढीच माझी विनंती. माझी बाकीची पानं कधीच जुनी झाली, पण त्या एका पानाचं काम अजून चालू आहे.